जुन्या प्लास्टिकच्या बादल्यांत भाजीपाला: भोकं आणि निचरा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीआधी रंगकाम उरकलं की पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत जिन्याखाली रिकाम्या बादल्यांची चळत उभी राहते. त्यातल्या काही गाडी धुवायला जातात, काही वाळू भरायला, आणि हल्ली बऱ्याच गच्चीवर टोमॅटो-मिरची लावायला. या शेवटच्या मंडळींकडून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: भोक पाडणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पाणी खरोखर बाहेर जाईल हे बघणं थोडं जास्त वेळाचं आहे, आणि गडबड बहुतेकदा तिथेच होते.

भोकं पाडायलाच हवीत का? मी पाणी मोजून घालतो.

एप्रिल-मे महिन्यात कदाचित निभेल. जुलैत तुम्ही मोजलेत तरी आभाळ मोजत नाही.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की तिथला प्राणवायू संपतो, मुळं काळी पडतात आणि वर पानं मलूल दिसू लागतात. ती मलूल पानं बघून माणूस आणखी पाणी घालतो. रोप तहानेने सुकतंय की बुडून मरतंय, हे वरून बघून कळत नाही. म्हणूनच बंद बादलीतला अंदाज चुकतो.

दुसरं कारण क्षारांचं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर भागवणाऱ्या सोसायट्यांना बादलीच्या कडेला जमणारा पांढरा थर ओळखीचा असेल. खालून वाट असली तर अधूनमधून भरपूर पाणी घालून हे क्षार धुऊन काढता येतात. वाट नसली तर ते साचत जातात.

कोणती बादली घ्यावी आणि कोणती घेऊ नये?

बादली उलटी करून तळ बघा. तिथे बाणांचा त्रिकोण आणि आत प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. हे दोन्ही चांगले. ३ हा पीव्हीसी, ६ हा पॉलिस्टायरीन. हे दोन्ही भाजीसाठी नकोत.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बादलीत आधी काय होतं. चक्का, लोणचं, तेल, सॉस असं खाण्याचं काही असेल तर डोळे मिटून घ्या. पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग असेल तर साफ करून चालते. ऑइलपेंट, थिनर, वॉटरप्रूफिंगचं रसायन, ॲसिड, कीटकनाशक यांपैकी काही असेल तर फुकट मिळाली तरी नको, कितीही घासली तरी नको. आणि बाजारात जी काळी, भंगारातलं प्लास्टिक वितळवून केलेली स्वस्त बादली मिळते, तिच्यात कुठलं कुठलं प्लास्टिक मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिच्यात शोभेची झाडं लावा.

रंगाची बादली साफ कशी करायची?

ओली असतानाच धुवायची घाई करू नका. रंग पूर्ण वाळू द्या. वाळलेल्या रंगाचा पापुद्रा बराचसा हाताने सोलून निघतो; तो सुक्या कचऱ्यात टाका, मोरीत नको. उरलेलं साबणाच्या कोमट पाण्याने आणि तारेच्या घासणीने काढा. बारीकसारीक डाग राहिले तर राहू देत.

शिशाची भीती बरेच जण विचारतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून तयार होणाऱ्या घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भाग) जास्त असता कामा नये. त्यामुळे अलीकडच्या नामांकित रंगाच्या बादलीची फार काळजी नको. आजोबांच्या काळातल्या, माळ्यावर सापडलेल्या बादलीत मात्र भाजी लावू नका.

पुण्यात अशा बादल्या कुठे मिळतील?

पहिली विचारणा रंगाऱ्याकडे. मग केटरर, मिठाईची आणि दुधाची दुकानं. सणासुदीला त्यांच्याकडे चक्क्याच्या रिकाम्या बादल्या साचतात. गल्लीतल्या भंगारवाल्याला सांगून ठेवलंत तर तो वेगळ्या काढून ठेवतो. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फेरी मारायला हरकत नाही, पण तिथे बादलीचा पूर्वेतिहास कळत नाही. घरचेच श्रीखंडाचे अर्धा-एक किलोचे डबे टाकू नका, रोपं करायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. त्यांनाही भोकं हवीत, दाभण तापवून तीन-चार पाडली की झालं.

किती भोकं आणि केवढी?

२० लिटरच्या बादलीला ८ ते १० मिमीची सहा ते आठ. १० लिटरला चार-पाच. भोक साधारण करंगळीच्या टोकाएवढं असावं.

खिळ्याने पाडलेली बारीक भोकं पुरत नाहीत, हे इथे समजून घ्या. ५ मिमीची चार भोकं मिळून १० मिमीच्या एका भोकाएवढी जागा होते. शिवाय दोन-तीन मिमीच्या भोकात पाण्याचा थेंब आपल्याच ताणाने अडकून बसतो, आणि मातीचा एखादा कण किंवा एखादं मूळ आलं की ते कायमचं बुजतं. उलट २०-२५ मिमीची मोठाली भोकं पाडलीत तर माती खाली उतरते आणि रात्री उंदीर वर चढतात.

भोकं नेमकी कुठे पाडायची?

हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही, विचारायला हवा. बहुतेक जण तळाच्या बरोबर मध्यभागी एक भोक पाडतात. दोन कारणांनी ती जागा सगळ्यात वाईट आहे. एक, साच्यात प्लास्टिक जिथून ओततात तो बारीकसा फोड तिथे असतो. तिथे ताण असतो आणि तडा तिथूनच पसरतो. दोन, पुष्कळ बादल्यांचा तळ मध्ये किंचित फुगलेला असतो. पाणी कडेला जमतं आणि तुमचं भोक कोरडं बसून राहतं. बादलीत तांब्याभर पाणी ओतून जमिनीवर ठेवा. पाणी कुठे गोळा होतं ते दिसेल. भोकं तिथे पाडा.

आता तळाखालचं बघा. बादलीला खाली गोल कडं असतं, तळ त्या कड्याच्या आत जरा उचललेला असतो. गुळगुळीत फरशीवर बादली ठेवली की ते कडं फरशीला चिकटतं आणि भोकांतून आलेलं पाणी कड्याच्या आत कोंडून राहतं. भोकं आहेत, पाणीही खाली आलंय, पण जायला वाट नाही. म्हणून निम्मी भोकं तळाला आणि निम्मी बाजूला, तळापासून एक-दोन सेंटीमीटरवर पाडावीत. कड्यालाही दोन-तीन ठिकाणी करवतीने खाचा द्याव्यात. बाजूच्या भोकांचा आणखी एक फायदा: पाणी खरंच येतंय का हे वाकून न बघता दिसतं.

ड्रिल मशीन नाही. काय करू?

२५ किंवा ४० वॅटची सोल्डरिंगची कांडी असेल तर तिच्याइतकं सोपं काही नाही. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, पीपी १६० च्या. कांडी त्याहून कितीतरी तापते. टेकवा, गोल फिरवा, काढा. कडेला वितळलेल्या प्लास्टिकची जी कॉलर उभी राहते ती कटरने कापून टाका, विशेषतः आतल्या बाजूची. ती राहिली तर तेवढ्या उंचीचं पाणी तळाशी अडून राहतं.

कांडीही नसेल तर जुना स्क्रू ड्रायव्हर किंवा लोखंडी सळई पकडीत धरून गॅसवर तापवायची. हे काम स्वयंपाकघरात करू नका. निदान खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि लहान मुलं लांब. शक्य तर गच्चीवर मेणबत्ती किंवा छोटी शेगडी न्या. वितळलेलं प्लास्टिक त्वचेला चिकटलं तर ओढून काढायचं नाही, आधी भरपूर गार पाणी. आणि पीव्हीसी कधीच जाळायचं नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

तिसरा मार्ग अस्सल पुणेरी: सोसायटीत कोणाकडे तरी सुतार किंवा इलेक्ट्रिशियन आलेला असतोच. दुपारच्या चहाच्या वेळी बादल्या घेऊन उभं राहावं.

ड्रिलने पाडताना बादलीला तडा जातो.

तीन गोष्टी बघा. मशीन हॅमरवर असेल तर बंद करा, तो मोड भिंतीसाठी आहे. वेग कमी ठेवा. जास्त वेगात प्लास्टिक कापलं न जाता वितळून बिटाला, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या पात्याला, गुंडाळलं जातं. आणि बादली उलटी करून आत लाकडाचा ठोकळा टेकवा, म्हणजे बिट पलीकडे निघताना प्लास्टिक ओढून फाडत नाही. आधी ३ मिमीचं भोक, मग मोठं. पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा स्टेप बिट मिळाला तर भोक अगदी गोल आणि साफ पडतं. रविवार पेठेत बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो.

इतकं करूनही तडकत असेल तर बादली उन्हाने जून झाली आहे. नखाने दाबून बघा, पांढरी रेघ उठून कट् असा आवाज आला तर तिचा नाद सोडा. तडा लहान असेल तर त्याच्या अगदी टोकावर एक छोटं गोल भोक पाडा, तो पुढे सरकायचा थांबतो.

तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची ना? आजीपासून ऐकत आलोय.

आजीची कुंडी मातीची होती, तिच्या बाजूंतूनही पाणी झिरपत होतं आणि हवा खेळत होती. प्लास्टिकच्या बादलीत हा थर काही कामाचा नाही. उलट नुकसान करतो.

भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तो उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. ठिबकणं दोन्ही वेळा थांबतं, पण खालच्या टोकाशी थोडा भाग चिंबच राहतो. मातीचंही तसंच. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात, आणि कुठल्याही कुंडीच्या तळाशी, भोकं कितीही असली तरी, एक चिंब थर उरतो. त्याची जाडी माती किती बारीक आहे यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. खाली खडी टाकली की हा थर नाहीसा होत नाही. बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही, वरची माती पुरती भरेपर्यंत तिथेच थांबतं. म्हणजे चिंब थर खडीच्या उंचीएवढा वर, मुळांच्या आणखी जवळ आला. आणि तीन इंच मातीची जागा गेली ती वेगळीच.

याचा एक उपयोगी अर्थ निघतो: एकाच मातीला पसरट टबापेक्षा उंच बादली मानवते. तळाचा ओला थर दोन्हीकडे सारखाच, पण बादलीत त्याच्या वर मुळांना श्वास घ्यायला जागा जास्त.

मग भरायचं काय?

नुसती काळी माती नको, ती बादलीत विटेसारखी बसते. नर्सरीतली लाल मातीही एकटी नको. मला पटलेलं प्रमाण असं: एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड काहीतरी. भरड म्हणजे कोकोपीटबरोबर नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, भाताचं तूस, वाळलेला पालापाचोळा, किंवा रसवंतीगृहाबाहेर पोत्याने पडलेलं उसाचं चिपाड.

चिपाड आणताना दोन पथ्यं. आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडीने मुंग्या आणि माश्या घरापर्यंत येतात. आणि ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात. म्हणून खताबरोबर महिना-दोन महिने मुरवून मग वापरा. कुजल्यावर बादलीतली पातळी खाली जाईल. वरून भर घालायची, घाबरायचं नाही.

भरल्यावर दोन लिटर पाणी ओता. ते मिनिटाभराहून जास्त वेळ वर तळ्यासारखं साचून राहिलं तर मिश्रण घट्ट आहे. अशा वेळी आणखी भोकं पाडून उपयोग नाही, भरड भाग वाढवा.

भोकांतून माती वाहून जाते.

पहिल्या दोन-तीन पाण्यांना गढूळ पाणी येणारच. जुन्या मच्छरदाणीचा किंवा हिरव्या शेडनेटचा तुकडा तळाशी अंथरा. मूठभर नारळाची शेंडीही चालते. दाट कापड मात्र घालू नका, गाळाने ते हळूहळू बुजतं.

खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात आमच्या छताला ओल आली.

काकूंचं ऐका. सततच्या ओलीने वॉटरप्रूफिंग खराब होतं, हे खरं आहे. बादल्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर चढवा, निदान दोन इंच. खालून वारा खेळला की फरशी वाळते, आणि वर सांगितलेला कड्याचा प्रश्नही आपोआप सुटतो. गच्चीच्या पन्हाळीच्या तोंडाशी जाळी लावा, नाहीतर मातीचा गाळ पाइपात बसेल आणि पहिल्या वळवालाच तळं होईल.

वजनाचा विचारही करा. भरलेली ओली २० लिटरची बादली २५ किलोच्या आसपास जाते. दहा बादल्या म्हणजे पाव टन. त्या गच्चीच्या मधोमध नकोत, भिंतीकडेने आणि तुळईच्या रेषेत मांडा. कँटिलिव्हर, म्हणजे खाली खांबाचा आधार नसलेल्या बाल्कनीत तर फारच हात राखून.

खाली ताटली ठेवली तर?

उन्हाळ्यात ठीक. जून ते ऑक्टोबर काढून ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच साचलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं अळ्या शोधत दारोदार फिरतात. त्यांना कुंडीखालची ताटली पहिल्यांदा दिसते. बाल्कनीत ताटली ठेवणं भागच असेल तर तिच्यात वाळू भरा किंवा दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून पुसा.

कोणत्या भाजीला केवढी बादली?

टोमॅटो, वांगी, दोडका, कारलं, काकडी: २० लिटर, आणि एका बादलीत एकच रोप. हात आवरत नाही म्हणून लोक तीन लावतात आणि मग तिन्ही रडतात. मिरचीला १० ते १५ लिटर पुरतात, भेंडीला १५. पालक, मेथी, कोथिंबिरीला सहा-आठ इंच खोली बास, म्हणून तडकलेल्या बादलीचा वरचा भाग कापून टाका आणि खालच्या अर्ध्यात मेथी टाका.

मे महिन्यात आठवडाभर कोकणात जातो. भोकं असलेली बादली वाळून जाते.

या कामासाठी एक वेगळी बादली करून ठेवा. तळाला भोक नाही. बाजूला तळापासून पाच सेंटीमीटरवर दोन भोकं. खालचे पाच सेंटीमीटर पाण्याचा साठा होतो आणि माती वर ओढून घेते. जादा पाणी बाजूच्या भोकांतून निघून जातं. वरून पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि बादली सावलीत सरकवा. आठवडा तरून जाईल, निदान मिरची तरी. पण ही बादली पावसात उघड्यावर ठेवायची नाही; ती ठेवायचीच असेल तर तळाची भोकं पाडून टाका.

जुलैत भोकं असूनही पाणी साचलंय.

बादली किंचित तिरकी करा. भसाभस पाणी आलं तर भोकं बाजूला आहेत आणि तळाला नाहीत, किंवा कड्यात कोंडलं होतं. काहीच आलं नाही तर भोकं बुजली आहेत: दाभण किंवा जाड तार खालून आत घालून फिरवा. मुळं आडवी आली असतील तर ती तोडायला कचरू नका. तार सरळ आत जातेय, तरी वर पाणी उभंच असेल, तर माती दाबली गेली आहे. रोपापासून लांब, कडेकडेने बांबूच्या काडीने खोल भोसकून ठेवा. पुण्यातल्या भुरभुर पावसात ऊनही नसतं, रोप पाणी ओढत नाही. तेव्हा बादल्या पत्र्याच्या किंवा छज्ज्याच्या आडोशाला नेणं हाच खरा इलाज. टोमॅटोचा हट्ट गणपतींनंतर धरा.

उन्हात बादली किती टिकते?

पीपी लवकर जून होतं, एचडीपीई जरा दमदार. दोन्हींना बाहेरून पांढऱ्या रंगाचा एक हात द्या किंवा मार्केट यार्डातून जुनं गोणपाट आणून गुंडाळा. बादली टिकते आणि एप्रिलच्या उन्हात मुळंही भाजत नाहीत. पातळ, अर्धपारदर्शक पांढऱ्या बादलीत आतून हिरवं शेवाळ धरतं, त्यालाही गोणपाटाने आळा बसतो. बादलीचा भुगा व्हायला लागला की ती आणखी वापरू नका. माती दुसरीत काढा आणि बादली झटकून, धुऊन सुक्या कचऱ्यात द्या.

झाकणाचं काय करू?

फेकू नका. झाकणाचा मधला भाग कापून फक्त बाहेरची रिंग ठेवा. ताज्या पेरलेल्या बादलीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकून वरून ही रिंग दाबून बसवा. कबुतरं कोवळे कोंब उपटत नाहीत, पाऊस मात्र आत येतो. रोपं चार पानांवर आली की जाळी काढा आणि रिंग तशीच परत बसवा. भरलेल्या बादलीचं तोंड फाकत नाही, आणि काकडीच्या वेलाची सुतळी बांधायला तिच्यात दोन भोकं पाडून घेता येतात.